‘रिमोट’ म्हणजे कोणापासून? जामखेडचं पुस्तक रिमोट टीमच्या संशोधनाशेजारी ठेवून वाचताना

गेल्या महिन्यात गाईडकडून माझं दुसरं प्रकरण परत आलं. पहिल्याच पानावर ‘रिमोट टीम’ या शब्दांभोवती लाल गोल आणि समासात एकच प्रश्न: ‘कोणापासून रिमोट?’ मला वाटलं, सरांना इंग्रजी शब्द खटकला असेल. म्हणून ‘दूरस्थ गट’ वगैरे लिहून पाहिलं. ते मलाच वाचवेना. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की प्रश्न शब्दाचा नव्हताच.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत आशा स्वयंसेविका आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांच्यातला व्यवहार फोनवरून कसा चालतो, हा माझा पीएचडीचा विषय. क्षेत्रफळाने हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यात आपल्याकडे गाव म्हणजे एका जागी वसलेलं गाव नसतं, अर्धी माणसं शेतातल्या वस्त्यांवर राहतात. हजार लोकसंख्येमागे एक आशा, आणि मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक. म्हणजे गटप्रवर्तक ही हिशेबाने रिमोट टीमची मॅनेजरच. तिला तसं कोणी म्हणत नाही, आणि मोबदलाही तसा देत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर या प्रकरणासाठी मी वर्षभर रिमोट टीमवरचं संशोधन वाचत होते. शेवटी शेवटी, खरं तर चुकून, जामखेडच्या आरोळे दांपत्याचं पुस्तक हातात आलं. ही पोस्ट त्या दोन वाचनांबद्दल आहे. दोन्हींबद्दल माझी तक्रार आहे, पण सारखी नाही.

आधी संशोधन. या विषयाचं कुळ शोधत गेलं की बहुतेक जण एमआयटीच्या थॉमस ॲलनपाशी पोचतात. 1977 च्या पुस्तकात त्याने दाखवलं की दोन इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं बोलणं झपाट्याने कमी होतं. अंतर किती, तर काही दहा मीटर! म्हणजे एकाच इमारतीतली माणसंसुद्धा एकमेकांना ‘रिमोट’ होऊ शकतात. मग 2000 साली गॅरी आणि जुडिथ ऑल्सन यांचा ‘डिस्टन्स मॅटर्स’ हा गाजलेला निबंध आला. इंटरनेटमुळे अंतर संपलं असं सगळे म्हणत असताना हे दोघं म्हणाले, संपलेलं नाही. समोरच्याला काय माहीत आहे हे आपल्याला माहीत असणं, कामं एकमेकांत किती गुंतलेली आहेत, माणसांना मुळात एकत्र काम करायचं आहे का, आणि साधनं त्यांना झेपतात का, या गोष्टी जुळल्या नाहीत तर कितीही चांगली वायर टाका, काम अडतंच.

कोविडनंतर तर पूरच आला. त्यातला सगळ्यात मोठा म्हणून सांगितला जाणारा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या 61,182 कर्मचाऱ्यांचे ईमेल, मीटिंगा, चॅट आणि कॉल यांच्या नोंदी घेऊन त्यांनी दाखवलं की सगळे घरून काम करायला लागल्यावर माणसं आपापल्या कळपातच जास्त बोलू लागली, कळपाबाहेरचे धागे विरले. अभ्यास नेटका आहे. पण वाचताना मला सारखं वाटत होतं की ज्याची नोंद कुठेतरी उमटते तेवढंच इथे ‘बोलणं’ आहे. एसटी स्टँडवर उभ्या उभ्या झालेली दोन वाक्यं यात नाहीत, आणि माझ्या विषयात निम्मं काम तिथेच होतं.

या सगळ्या ढिगातला मला खरोखर उपयोगी पडलेला निबंध एकच: कॅथरीन क्रॅम्टन, 2001. तिने वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या विद्यार्थ्यांच्या 13 टीम घेतल्या आणि त्यांचे ईमेल, चॅट वाचत बसली. तिचं म्हणणं साधं आहे. लांबच्या माणसाची परिस्थिती आपल्याला दिसत नाही. त्याच्याकडे वीज गेली, सुट्टी आहे, आईला दवाखान्यात नेलंय, यातलं काही आपल्यापर्यंत येत नाही. येते फक्त शांतता. त्या शांततेचा अर्थ आपण आपल्या मनाने लावतो, आणि परिस्थितीला दोष द्यायच्या ऐवजी माणसाला देतो. आळशी आहे, त्याला काही पडलेलं नाही, वगैरे.

मी हा निबंध दोनदा वाचला, त्यावर टिपणं काढली, सेमिनारमध्ये पीपीटी केली. आणि मग फिल्डवर्कमध्ये नेमकं तेच करून बसले.

झालं असं. सुरुवातीच्या टप्प्यात मला सगळीकडे जाणं जमत नव्हतं, म्हणून मी एक प्रश्नावली ऑनलाइन फॉर्ममध्ये बनवली आणि गटप्रवर्तकांना विनंती करून ती आशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावली. दोन दिवसांत ‘ओके मॅडम’चा पाऊस. उत्तरंही आली. ‘अडचणीच्या वेळी वरिष्ठांची मदत मिळते का?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं ‘हो’. ज्यांनी फॉर्म भरलाच नाही त्यांच्यापुढे मी ‘प्रतिसाद नाही, रस नसावा’ असं लिहून ठेवलं. रस नसावा! क्रॅम्टनबाईंनी हे वाचलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

पुढे कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवर गेले. तिथल्या आशाताईने चहा ठेवता ठेवता विचारलं, ‘ताई, तो फॉर्म मॅडमनी पाठवलेला. मग हो नायतर दुसरं काय लिवणार?’ मी म्हटलं, आणि ते ओके? ‘ओके म्हंजे मेसेज आला. काम झालं असं मी कुठं म्हणले? ओके नाय टाकलं तर फोन येतो.’ फॉर्म न भरणारी तिची शेजारीण होती, पुढच्या वस्तीवरची. तिच्या घरी रेंज येत नाही. पाण्याच्या टाकीजवळ येते, पण संध्याकाळी तिकडे पोरं बसलेली असतात, म्हणून ती जात नाही. माझ्या तक्त्यात ही बाई ‘रस नसावा’ या रकान्यात होती. गटप्रवर्तकांच्या वहीत तिच्यापुढे काय लिहिलं असेल याचा अंदाज मला त्या दिवशी आला.

त्याच आठवड्यात मी ‘जामखेड’ वाचायला घेतलं. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचं हे इंग्रजी पुस्तक 1994 चं. नगरकरांना आरोळे दांपत्य वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: वेल्लोरला शिकलेले हे डॉक्टर नवरा-बायको 1970 मध्ये जामखेडला आले, आणि ज्या भागात दुष्काळ पाहुणा म्हणून येत नाही तर राहायलाच असतो, तिथे त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. हे पुस्तक सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात वाचतात. माझ्या माहितीत मॅनेजमेंटवाले ते वाचत नाहीत. माझा दावा असा की रिमोट टीमवरचं इतकं चांगलं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही, आणि त्यात ‘रिमोट टीम’ हे शब्द मला कुठे दिसले नाहीत.

पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा एका फसलेल्या योजनेचा आहे. सुरुवातीला आरोळ्यांनी शिकलेल्या, प्रशिक्षित तरुण नर्स गावोगाव ठेवायचं ठरवलं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात त्या मुली गावात रमेनात, एकट्या राहायला घाबरत, आणि गावातल्या बायका त्यांचं ऐकेनात. कालची पोर, बाहेरची, तिला काय कळतंय बाळंतपणातलं? मग गावाकडूनच सूचना आली की आमच्यातलीच बाई घ्या. त्यातून ज्या बाया पुढे आल्या त्यांतल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. अनेक जणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. (पुस्तकात त्यांना ग्राम आरोग्य कार्यकर्ती अशा अर्थाचा शब्द आहे. सरकारी ‘आरोग्य सेविका’ वेगळी, घोळ नको.)

आता मॅनेजर म्हणून विचार करा. तुमची टीम कितीतरी गावांत विखुरलेली आहे. फोन नाहीत. रस्ते असे की पावसाळ्यात जीप अडकते. आणि टीममधल्या निम्म्याअधिक जणींना लिहिता येत नाही, म्हणजे लेखी रिपोर्ट मागायची सोयच नाही! ऑल्सनच्या यादीतली एकही अट इथे पुरी होत नाही. तरी काम चाललं. कसं चाललं, याची यंत्रणा पुस्तकात सगळीकडे विखुरलेली आहे, एका प्रकरणात बांधून दिलेली नाही. मला त्यात दोन हालचाली दिसतात.

पहिली: या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या आणि मुक्काम करायच्या. शिकणं व्हायचं, पण ते वर्गात बसून डॉक्टरांचं ऐकणं नव्हतं. या आठवड्यात काय झालं ते प्रत्येकीने सांगायचं, कोणाचं मूल गेलं, कोणी औषध घेतलं नाही, कुठे सासूने अडवलं. एकीची अडचण दुसरीने सोडवायची. जातीपातीच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या, आणि 1970 च्या दशकात ही लहान गोष्ट नव्हती. ऑल्सन ज्याला सामायिक जमीन म्हणतात ती इथे शब्दशः मुक्कामाच्या जमिनीवर तयार होत होती.

दुसरी हालचाल उलट दिशेची. जामखेडहून एक फिरतं पथक गावांत जायचं. नर्स, समाजसेवक, कधी डॉक्टर. तपासणी करायची असं आपण म्हणू, पण वर्णन नीट वाचलं तर पथक तिच्यासोबत घरोघर जातं, तिने सांगितलेल्या अवघड केसेस बघतं, आणि गावासमोर तिचा शब्द मोठा करतं. डॉक्टर तिला विचारून पुढे जातात हे गाव बघतं. पुढच्या वेळी तीच बाई एकटी दारात उभी राहते तेव्हा तिच्यामागे ते दृश्य असतं.

इथे मला गाईडच्या लाल गोलाचं उत्तर सापडलं. आमच्या सगळ्या संशोधनात ‘दूर’ असतो तो कामगार. मुख्यालय कधीच दूर नसतं, ते फक्त असतं. पण वस्तीवरच्या बाईच्या जागी उभं राहून बघा. ती पेशंटच्या जवळ आहे, बाळंतिणीच्या जवळ आहे, म्हणजे कामाच्या अगदी मध्यभागी आहे. दूर आहे तो साहेब. जामखेडने हे ओळखलं, म्हणून दूर असल्याचा खर्च दोघांनी वाटून घेतला: एक फेरी तिची, एक फेरी आमची. आज अंतर कापायचं काम एकटी तिचं. ती टाकीपर्यंत चालत जाते, फोटो काढते, ओटीपी मागते, अपलोड करते. साहेबाला जागचं उठावं लागत नाही.

आणि लिहिता न येण्याचा तो मुद्दा. मी आधी त्याला अडचण समजत होते. पण ज्या बाईकडून रिपोर्ट मागता येत नाही तिचं ऐकून घ्यावंच लागतं. ऐकताना उलटा प्रश्न विचारता येतो, चेहरा दिसतो. रकाना भरून घेतला की ऐकायची गरजच संपते. मी माझ्या फॉर्मने तेच केलं.

परिणामांबद्दल थोडं, कारण नुसत्या कौतुकावर विश्वास ठेवू नये. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे 1971 मध्ये तिथे हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत होती आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत हा आकडा खूप खाली आला. पण तो सगळीकडेच येत होता. म्हणून मला 2010 चा मान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी प्रकल्पातली गावं आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना केली. पहिल्या महिन्यानंतर ते पाच वर्षांपर्यंत मूल दगावण्याची जोखीम प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाली. ‘पहिल्या महिन्यानंतर’ हे शब्द विसरू नका, जामखेडचं कौतुक करणारे पुष्कळदा ते गाळतात.

आता पुस्तकाबद्दलच्या माझ्या तक्रारी. पहिली म्हणजे हे पुस्तक मॅनेजरांनी लिहिलेलं आहे. प्रेमाने, प्रामाणिकपणे, पण मॅनेजरांनीच. बायांचं बोलणं पुस्तकात भरपूर आहे, आणि तेच पुस्तकाचं बळ आहे. पण त्या मराठीत बोलल्या आणि मी वाचते आहे ते डॉक्टरांच्या इंग्रजीत. आपल्या पलीकडच्या तालुक्यातल्या बाईचं बोलणं इंग्रजीतून मनातल्या मनात परत मराठीत आणताना कसंतरीच होतं. ती खरंच असं बोलली असेल का? आणि जी बाई जामखेडच्या कामाला कंटाळली, सोडून गेली, डॉक्टरांशी भांडली, ती मला पुस्तकात भेटावी तशी भेटली नाही.

दुसरी तक्रार जास्त टोचणारी आहे. दर आठवड्याला मुक्कामाला यायचं तर घरी स्वयंपाक कोणी केला? पोरं कोणी सांभाळली? शेतातला रोज बुडाला त्याचं काय? घरच्यांचा विरोध आणि मग हळूहळू बदललेलं मत यांच्या गोष्टी पुस्तकात आहेत, पण त्या नेहमी विजयाच्या दिशेने जातात. मुक्काम ही बाईसाठी मोकळीक होती हे मला पटतं. ती किंमतही होती, याचा हिशेब मात्र मांडलेला नाही. सेवाभावावर उभ्या असलेल्या कामात मोबदल्याचा प्रश्न थोडा अवघडच असतो, आणि पुढे सरकारने आशा योजना आणली (2005, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात) तेव्हा जामखेडसारख्या कामांतून ‘स्वयंसेविका’ हा शब्द मात्र बरोबर उचलला. आठवड्याचा मुक्काम, फिरतं पथक, गावासमोरचा मान, हे महाग होतं. शब्द स्वस्त होता.

आणि तिसरी: आरोळे. दर आठवड्याला स्वतः बसून ऐकणारे दोन डॉक्टर हे धोरण म्हणून कसं लिहायचं? माझ्याकडे उत्तर नाही, पुस्तकाकडेही नाही.

एवढं असूनही मी या पुस्तकाच्या बाजूने का आहे, ते आजचं चित्र बघितलं की कळतं. मार्च 2021 मध्ये अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर ॲप आलं. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन तापतो, अडकतो, दोन जीबीच्या रॅममध्ये ॲप चालत नाही, त्यात ते इंग्रजीत. वर्तमानपत्रांत ही बातमी ‘मोबाईल वापसी’ म्हणून आली. मी ती क्रॅम्टनच्या निबंधाशेजारी ठेवून वाचते. वर गेलेल्या शांततेचा अर्थ कोणी विचारला नाही, म्हणून शेवटी बायांना फोनच उचलून साहेबाच्या टेबलावर ठेवावा लागला.

रोजगार हमीचं बघा. 1 जानेवारी 2023 पासून कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो ॲपवर टाकणं सक्तीचं झालं. जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रालयानेच परिपत्रक काढून सांगितलं की कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जात आहेत, फोटोचाच फोटो काढला जातो आहे. उपाय काय सुचवला, तर ग्रामपंचायतीच्या पातळीवर सगळे फोटो माणसांनी तपासायचे. म्हणजे माणूस लागतोच. फक्त तो कामावर जाऊन मजुरांना भेटणार नाही, ऑफिसात बसून त्यांचे फोटो बघणार.

याचा अर्थ फोन वाईट असा काढू नका, माझं तसं म्हणणं नाही. त्याच आशाताईने मला रात्री दोन वाजता 108 ला फोन करून गाडी बोलावल्याची गोष्ट अभिमानाने सांगितली. टाकीपर्यंत पळत गेली होती. तो फोन तिने केला होता, तिच्या कामासाठी. कोण कोणाला फोन लावू शकतं, आणि लावला तर उचलला जातो का, हे माझ्या प्रश्नावलीत नव्हतंच.

तर सध्याची स्थिती. फॉर्मचा सगळा डेटा मी मुख्य विश्लेषणातून काढला आहे. तो आता एका छोट्या भागात जाईल, ‘प्रतिसाद कसा तयार होतो’ याचं उदाहरण म्हणून. सर म्हणाले, ‘सहा महिन्यांचं काम गेलं की.’ गेलं. शीर्षकातला ‘रिमोट’ अजून तसाच आहे, दुसरा शब्द मिळालेला नाही. गटप्रवर्तकांसोबत त्यांच्या दौऱ्यावर फिरायची परवानगी मागितली आहे. आणि कर्जतच्या त्या ताईंना विचारलं की दर मंगळवारी आले तर चालेल का. त्या म्हणाल्या, ‘या की. पण मंगळवारी आमचा बाजार असतो, घरी कोणी नसतं. बुधवारी या.’